पायॉन गिळायला दोघं लागतात

रिकामा अणू

मंडळी, मूलकणांच्या गप्पांत पायॉनला नेहमी दोन ओळींत वाटेला लावलं जातं: अणुकेंद्र जोडून ठेवणारा कण म्हणून युकावाने १९३५ मध्ये भाकीत केलं, १९४७ मध्ये सापडला, पुढचा कण. त्याचं सगळ्यात विचित्र वागणं तसंच राहून जातं. म्हणून हा धागा.

पायॉन अणुकेंद्रात शिरला की चक्क नाहीसा होऊ शकतो. इथे त्याचा क्षय होत नाही आणि आपटून तो दुसरीकडे जातही नाही. कण म्हणूनच तो संपतो, आणि त्याच्या वस्तुमानाएवढी सगळी ऊर्जा आतल्या प्रोटॉन-न्यूट्रॉनांच्या अंगावर पडते. प्रोटॉन किंवा न्यूट्रॉनला अशी सूट नाही, कारण बॅरिऑनांची (म्हणजे त्यांच्यासारख्या तीन क्वार्कांच्या कणांची) संख्या जपावी लागते. पायॉन म्हणजे एक क्वार्क आणि एक प्रतिक्वार्क. त्याला मोजणारं कोणी नाही.

आता आकडे. विद्युतभारित पायॉनचं वस्तुमान १३९.६ एमईव्ही, म्हणजे दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट. अणुकेंद्रातून एक न्यूक्लिऑन (प्रोटॉन किंवा न्यूट्रॉन) उपटून काढायला साधारण ८ एमईव्ही लागतात. म्हणजे अगदी स्थिर, थांबलेला पायॉन शोषला गेला तरी केंद्राच्या दृष्टीने तो बॉम्बच.

सहज डोक्यात येणारं चित्र असं की पायॉन एका प्रोटॉनवर आदळला, प्रोटॉनने तो गिळला, आणि मिळालेल्या ऊर्जेवर सुसाट सुटला. ऋण पायॉन असेल तर प्रोटॉनचा न्यूट्रॉन होईल, एवढाच फरक. पण हा हिशेब जुळत नाही. न्यूक्लिऑनला १४० एमईव्ही गतिज ऊर्जा द्यायची तर त्याचा संवेग सुमारे ५३० एमईव्ही प्रति सी हवा. सी म्हणजे प्रकाशाचा वेग, संवेगाचं हे एकक या क्षेत्रात रोजचं आहे. हा संवेग आणायचा कुठून? थांबलेल्या पायॉनकडे तो शून्य. न्यूक्लिऑन केंद्रात आधीपासून फिरत असतो खरा, पण त्याचा संवेग बहुतेक वेळा २५० च्या आतच असतो. ५३० वाला न्यूक्लिऑन आयता सापडणं दुर्मीळ. सुटा, मोकळा न्यूक्लिऑन असेल तर दुर्मीळ नव्हे, पूर्ण अशक्य. ऊर्जा आणि संवेग दोन्ही एकदम जपता येतच नाहीत.

दोन न्यूक्लिऑन असले की अडचण सुटते. प्रत्येकाला ७० एमईव्ही, दोघं एकमेकांच्या विरुद्ध दिशेने, प्रत्येकाचा संवेग ३७० च्या आसपास, आणि बेरीज शून्य. दोघांनी एकमेकांना ढकललं की दोघंही मागे सरकतात. एकट्याला स्वतःला ढकलता येत नाही, तसंच. पायॉनचं शोषण म्हणजे मुळात जोडीचं काम आहे ते यामुळे, आणि या विषयातलं बाकी सगळं इथूनच निघतं असं माझं मत.

थांबलेला ऋण पायॉन केंद्रापर्यंत पोचतो कसा, हाही भाग मजेशीर आहे. पदार्थात त्याचा वेग मंदावतो, मग एखादा अणू त्याला इलेक्ट्रॉनसारखा कक्षेत धरतो. तो इलेक्ट्रॉनच्या २७३ पट जड, त्यामुळे त्याच्या कक्षा तितक्याच पट लहान. साधारण सोळाव्या पातळीच्या आसपास तो अडकतो, मग एकेक पायरी खाली उतरतो. सुरुवातीला अणूतले इलेक्ट्रॉन बाहेर फेकत, नंतर क्ष-किरण सोडत. पायॉनचं सरासरी आयुष्य २६ नॅनोसेकंद आणि घन पदार्थात हा उतार त्यामानाने क्षणात उरकतो. क्षय व्हायला सवडच मिळत नाही. शेवटच्या पायऱ्यांवर पायॉनचा तरंग केंद्रात डोकावायला लागतो आणि खेळ खल्लास.

प्रश्न, भर, हरकती, सगळ्याचं स्वागत.

प्रश्नचिन्ह

छान धागा. दोन शंका.
१. धन पायॉनचं काय? त्याला कक्षेत कोण धरणार?
२. म्यूऑनही (इलेक्ट्रॉनचा जड भाऊ) ऋण असतो, तोही कक्षेत उतरतो, त्यालाही केंद्र खातं. तिथे जोडी लागते असं कधी वाचलं नाही.

रिकामा अणू

@प्रश्नचिन्ह,
१. धन पायॉन थांबला तर केंद्र त्याला जवळ येऊ देत नाही, दोघंही धन. मग तो निवांत क्षय पावतो आणि ४.१ एमईव्हीचा म्यूऑन सोडतो. पण वेगात असेल तर हे विकर्षण किरकोळ ठरतं. तो थेट आत घुसतो आणि शोषलाही जातो. मग न्यूट्रॉन-प्रोटॉन जोडीचे दोन प्रोटॉन होऊन बाहेर पडतात. उदासीन पायॉन फार अल्पायुषी, पण केंद्रातच जन्मला तर त्याचीही तीच गत होऊ शकते, कारण केंद्र ओलांडायला लागणारा वेळ त्याच्या आयुष्याच्या कैक पटींनी कमी.

२. म्यूऑनच्या बाबतीत प्रोटॉनचा न्यूट्रॉन होताना एक न्यूट्रिनो (जवळपास वस्तुमान नसलेला, भाररहित कण) बाहेर पडतो आणि जवळपास सगळी ऊर्जा तोच घेऊन जातो. दोघं निघाले की संवेगाचा प्रश्न मिटतो. म्हणून म्यूऑन खाल्लेलं केंद्र जेमतेम हलतं आणि पायॉन खाल्लेलं फुटतं.

जुना वाचक

धाग्यातलं भौतिकशास्त्र उत्तम, पण "१९४७ मध्ये सापडला" हे वाक्य फार घाईत उरकलंत. पायॉनच्या शोधाची गोष्ट ही शोषणाचीच गोष्ट आहे.

१९३० च्या दशकात वैश्विक किरणांत एक मधल्या वजनाचा कण दिसला होता, मेसोट्रॉन. सगळ्यांनी गृहीत धरलं की हाच युकावाचा कण. १९४० मध्ये तोमोनागा आणि अराकी यांनी साधा मुद्दा मांडला: युकावाचा ऋण कण पदार्थात थांबला तर केंद्र त्याला क्षय होण्याआधीच गिळेल, धन कण मात्र क्षय पावेल. म्हणजे चाचणी तयारच होती.

ती चाचणी केली रोममध्ये तिघांनी, कॉन्व्हर्सी, पान्चिनी आणि पिच्चोनी. महायुद्धाच्या धामधुमीत सुरू केलेलं काम. चुंबकित लोखंडाच्या ठोकळ्यांनी धन आणि ऋण कण वेगळे करायचे आणि मग ते कशात थांबतात ते बदलून पाहायचं. लोखंडात ऋण कण गिळले गेले, अपेक्षेप्रमाणे. कार्बनमध्ये मात्र बहुतेक ऋण कण खुशाल क्षय पावत राहिले. फर्मी, टेलर आणि वाइसकॉफ यांनी हिशेब केला तर अपेक्षा आणि निरीक्षण यांत सुमारे १०चा १२वा घात एवढी तफावत निघाली. एवढी तफावत म्हणजे दुरुस्ती नव्हे, कणच वेगळा! तो म्यूऑन होता.

आणि खऱ्या पायॉनचं पहिलं ठळक दर्शनही शोषणातूनच. जानेवारी १९४७ मध्ये पर्किन्सने विमानातून ३० हजार फुटांवर नेलेल्या इमल्शनमधली (कणांचे माग टिपणाऱ्या फोटोग्राफिक थरातली) एक घटना प्रसिद्ध केली. एक कण येतो, थांबतो, आणि तो थांबला तिथूनच तुकडे बाहेर पडतात. इमल्शनवाले त्याला तारा म्हणतात. लॅटेस, ऑकिआलिनी, पॉवेल वगैरे ब्रिस्टलकरांचा पायॉनपासून म्यूऑनचा प्रसिद्ध क्षय नंतर, मे महिन्यात छापून आला. पाठ्यपुस्तकांत क्षयाचं छायाचित्र असतं, ताऱ्याचं नसतं. माझ्या मते हा अन्याय आहे.

क्षितिजा

+१ जुना वाचक. ताऱ्यांची छायाचित्रं खरंच सुंदर असतात. येणारा माग शेवटाकडे जाड होत जातो, कारण मंदावणारा कण जास्त आयनीभवन करतो. शिवाय वेडावाकडा होतो, कारण हलका कण सहज ढकलला जातो. त्यामुळे कण आला कुठून हे बाणाशिवाय कळतं. टोकाला बिंदू, आणि त्यातून दोन-चार आखूड, जाड रेघा. न्यूट्रॉन अर्थातच दिसत नाहीत. म्हणजे जो ताऱ्याचा मोठा भाग, तोच अदृश्य.

सावळागोंधळ

हे दोन न्यूक्लिऑनांचं प्रकरण पटलं, पण यात नवीन काय? केंद्रात न्यूट्रॉन-प्रोटॉन जोड्या घट्ट जवळ असतात, प्रोटॉन-प्रोटॉन जोड्या फार कमी. अमेरिकेतल्या जेफर्सन लॅबने २००८ मध्ये कार्बनवर दाखवलंच की जवळच्या जोड्यांत न्यूट्रॉन-प्रोटॉन जोड्या प्रोटॉन-प्रोटॉन जोड्यांच्या सुमारे २० पट आहेत. पायॉनही त्याच जोड्यांवर शोषला जातो. एकच गोष्ट दोनदा सांगितल्यासारखं झालं.

उन्हाळी ढग

@सावळागोंधळ, घाई होतेय. दोन्हीकडे न्यूट्रॉन-प्रोटॉन जोडीचं वर्चस्व आहे हे खरं, पण कारणं वेगळी आहेत.

पायॉनचं शोषण १०० ते ३०० एमईव्ही गतिज ऊर्जेच्या पट्ट्यात जोरात चालतं ते डेल्टामुळे, म्हणजे न्यूक्लिऑनच्याच एका जड, क्षणजीवी रूपामुळे. पायॉन आणि न्यूक्लिऑन मिळून १२३२ एमईव्हीचा डेल्टा तयार होतो, आणि तो पुन्हा पायॉन सोडायच्या आत शेजारच्या न्यूक्लिऑनला धडकतो. डेल्टा अधिक न्यूक्लिऑन जाऊन दोन न्यूक्लिऑन उरतात आणि पायॉन संपलेला असतो. म्हणजे शोषण हे एका झटक्यातलं काम नसून दोन टप्प्यांचं आहे.

आता प्रोटॉन-प्रोटॉन जोडी घ्या. ती सगळ्यात सोप्या स्थितीत, म्हणजे एकूण स्पिन (कणांची अंगभूत फिरकी) शून्य आणि कक्षीय संवेग (एकमेकांभोवती फिरण्याचा कोनीय संवेग) शून्य. तिच्यावर ऋण पायॉन एक एकक कक्षीय संवेग घेऊन आला (डेल्टा बनायला तेवढा लागतोच) तर एकूण कोनीय संवेग १ आणि पॅरिटी (अवकाश उलटा केला तर स्थितीचं चिन्ह बदलतं की नाही ते) धन. शेवटी उरणाऱ्या दोन न्यूक्लिऑनांनाही हेच जपायचं आहे. पाउलीचा नियम (दोन सारखे कण एकाच स्थितीत नकोत) लावला की अशा दोन न्यूक्लिऑनांचं आयसोस्पिन (प्रोटॉन आणि न्यूट्रॉन एकाच कणाची दोन रूपं मानून धरलेली संख्या) शून्यच असावं लागतं. पण डेल्टाचं आयसोस्पिन दीड, न्यूक्लिऑनचं अर्धं; दोघांची बेरीज एक किंवा दोन होते, शून्य कधीच नाही. म्हणजे डेल्टाचा हमरस्ता प्रोटॉन-प्रोटॉन जोडीला बंद. तिला आडवाटेने जावं लागतं.

न्यूट्रॉन-प्रोटॉन जोडी ड्यूटेरॉनसारखी (जड हायड्रोजनच्या केंद्रासारखी) असेल, म्हणजे स्पिन १ आणि आयसोस्पिन ०, तर तिला असा काही अडथळा नाही. एकूण कोनीय संवेग २ होतो, डेल्टा आणि न्यूक्लिऑन अगदी जवळ, कक्षीय संवेगाशिवाय बसतात, आणि रस्ता मोकळा.

त्यामुळे जोड्या किती आहेत आणि त्यांतली कुठली पायॉन गिळू शकते, हे दोन वेगळे प्रश्न. हेलियम-३ मध्ये जोड्यांची संख्या माहीत असते, म्हणून तिथे हा फरक स्वच्छ मोजता आला. प्रोटॉन-प्रोटॉन जोडीवरचं शोषण फारच क्षीण निघालं.

सावळागोंधळ

आयसोस्पिनचा मुद्दा मान्य, हा कोन चांगला आहे. पण मग "जोडीचं काम" हेही पूर्ण सत्य नसावं? तिघांनी मिळून गिळायला कोणाची मनाई आहे?

उन्हाळी ढग

मनाई नाहीच. उलट तिथेच गाडं बरीच वर्षं अडलं होतं. १९७० च्या दशकात लॉस अलामोस, व्हँकुव्हरचं ट्रायम्फ आणि स्वित्झर्लंडमधली आजची पॉल शेरर संस्था अशा तीन ठिकाणी पायॉनांचे जोरदार झोत मिळायला लागले. त्यांना मेसॉन फॅक्टरी म्हणायचे. मोजमापं आली तसं दिसलं की जड केंद्रांत शोषणाचा बराच भाग साध्या दोन-न्यूक्लिऑन चित्रात बसत नाही.

अडचण अशी की बाहेर तीन प्रोटॉन दिसले म्हणजे तिघांनी गिळला असं होत नाही. पायॉन आधी एकाला धडकून मग जोडीवर शोषला गेला असेल. किंवा जोडीतला एक प्रोटॉन बाहेर पडताना तिसऱ्याला धडकला असेल. हे सगळं एकसारखंच दिसतं. यासाठी स्वित्झर्लंडमध्ये लॅड्स नावाचा जवळपास सगळ्या दिशांनी वेढणारा शोधक बांधला आणि १९९० च्या दशकात हेलियमपासून झेनॉनपर्यंत मोजमापं घेतली. हेलियम-३ मध्ये तीन न्यूक्लिऑनांचा वाटा अंदाजे चौथा हिस्सा भरला आणि त्यातला सगळाच भाग पायरी-पायरीच्या धडकांनी समजावता आला नाही.

तिसरी घंटा

मी वैद्यकीय बाजूने थोडं टाकते. हा ताऱ्याचा स्फोट कॅन्सरच्या गाठीत घडवावा ही कल्पना त्या काळी फार गाजली होती. ऋण पायॉनचा झोत गाठीच्या खोलीला बरोबर थांबवायचा, मग शरीरातल्या ऑक्सिजन-कार्बनची केंद्रं तिथल्या तिथे फुटतील आणि जड तुकडे आसपासच्या पेशी मारतील. वर सांगितलेल्या तिन्ही ठिकाणी १९७४ पासून पुढे शेकडो रुग्णांवर उपचार झाले.

अपेक्षेएवढा फायदा दिसला नाही. ट्रायम्फमध्ये मेंदूतल्या गाठींवर आणि प्रोस्टेटवर रीतसर तुलनात्मक चाचण्या झाल्या, त्यांत नेहमीच्या क्ष-किरण उपचारापेक्षा सरस काही निघालं नाही. भौतिकशास्त्रातच एक मेख आहे. १४० एमईव्हीपैकी साधारण ४० केंद्र फोडण्यात खर्च होतात, ७० च्या आसपास न्यूट्रॉन घेऊन गाठीबाहेर निघून जातात, आणि जागेवर पडणारे जेमतेम ३०. क्षितिजा म्हणाल्या तसं, मोठा वाटा अदृश्य. प्रोटॉन आणि कार्बनचे झोत स्वस्त आणि आटोपशीर झाल्यावर पायॉन मागे पडला ते रास्तच झालं.

प्रश्नचिन्ह

वाह, धागा भलताच रंगलाय. पण आज या सगळ्याचा उपयोग काय? मेसॉन फॅक्टऱ्यांचा सुवर्णकाळ तर केव्हाच संपला.

शून्यमन

@प्रश्नचिन्ह, उपयोग? न्यूट्रिनोवाल्यांना विचारा, डोकेदुखी झाली आहे.

न्यूट्रिनोची ऊर्जा थेट मोजता येत नाही, बाहेर पडलेल्या कणांवरून काढावी लागते. जपानमधल्या टी-टू-के प्रयोगात न्यूट्रिनो २९५ किलोमीटर जातो आणि त्याची ऊर्जा ६०० एमईव्हीच्या आसपास असते. नुसता म्यूऑन दिसला, पायॉन दिसला नाही, तर समजायचं की न्यूट्रिनोने एका न्यूट्रॉनला टिचकी मारली, आणि म्यूऑनचा कोन आणि संवेग वापरून ऊर्जा काढायची.

पण समजा न्यूट्रिनोने आत डेल्टा बनवला, त्यातून पायॉन निघाला, आणि तो त्याच केंद्रात शोषला गेला. बाहेर काय दिसणार? नुसता म्यूऑन आणि काही प्रोटॉन. घटना अगदी साध्या टिचकीसारखी. ऊर्जेचा हिशेब काही शे एमईव्हीने कमी येतो. ऊर्जाच ६०० असताना हे म्हणजे भलतंच! न्यूट्रिनोचं दोलन (जाता जाता एका प्रकारातून दुसऱ्यात बदलणं) अंतर आणि ऊर्जेच्या गुणोत्तरावर ठरतं, त्यामुळे चूक सरळ निकालात उतरते.

म्हणून पायॉन शोषणाची मोजमापं पुन्हा सुरू झाली. ट्रायम्फमध्ये ड्यूएट नावाच्या प्रयोगाने कार्बनवर धन पायॉनचं शोषण आणि भारविनिमय (धन पायॉनचा उदासीन पायॉन होणं) वेगवेगळे मोजले. फर्मीलॅबच्या लॅरिएटने आणि सर्नमधल्या प्रोटोड्यून शोधकांनी द्रव आर्गॉनमध्ये पायॉन सोडले, कारण पुढचा मोठा ड्यून प्रयोग आर्गॉनवरच आहे. ज्यांना न्यूट्रिनो हवा होता त्यांना पायॉन शिकावा लागला.

क्षितिजा

एक राहून गेलं म्हणून परत आले. शोषणाचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण १९५१ चं, बर्कलेतलं. पॅनोफ्स्की, आमोट आणि हॅडली यांनी ड्यूटेरियममध्ये ऋण पायॉन थांबवले आणि बाहेर येणारी गॅमा किरणं मोजली. जेवढे पायॉन शोषले गेले त्यापेक्षा गॅमा बऱ्याच कमी. म्हणजे बहुतेक वेळा नुसते दोन न्यूट्रॉन निघत होते, प्रत्येकी ६८ एमईव्हीचे. आजचा आकडा धरला तर चारातले जवळपास तीन.

आता यातून काय निघतं बघा. पायॉन शून्य कक्षीय संवेगाच्या कक्षेतून शोषला जातो, त्याचं स्पिन शून्य, ड्यूटेरॉनचं एक. एकूण एक. दोन न्यूट्रॉन एकसारखे, त्यांना पाउलीचा नियम लागू. स्पिन शून्य असेल तर कक्षीय संवेग सम हवा, मग एकूण एक होणार नाही. स्पिन एक असेल तर कक्षीय संवेग विषम हवा, आणि एक हा चालतो. दुसरा पर्यायच नाही. म्हणजे अंतिम स्थितीची पॅरिटी ऋण. सुरुवातीला ड्यूटेरॉनची पॅरिटी धन, कक्षेची धन. मग ऋण कोणाची असणार? पायॉनची. ती धन असती तर दोन न्यूट्रॉनचा मार्ग पूर्ण बंद राहिला असता.

ज्याचा मागमूस उरला नाही त्या कणाची पॅरिटी त्याला गिळणाऱ्यांकडून काढून घेतली!

जुना वाचक

क्षितिजा, दंडवत. आणि त्याच सुमारास स्पिनही शोषणातूनच निघालं. दोन प्रोटॉनांपासून धन पायॉन अधिक ड्यूटेरॉन, आणि त्याची उलटी अभिक्रिया, या दोन्हींचे दर मोजून ताडून पाहिले की स्पिन शून्य येतं. म्हणजे कणाची दोन्ही ओळखपत्रं शोषणाने दिली.

सावळागोंधळ

शेवटची हरकत, मग गप्प बसतो. मूळ धाग्यात म्हटलंय की शेवटच्या पायऱ्यांवर "खेळ खल्लास". मग शिशासारख्या जड केंद्राच्या सगळ्यात खालच्या कक्षेत पायॉन कधी पोचणारच नाही. ती कक्षा आहे की नाही हे तरी कोणाला कळणार?

रिकामा अणू

@सावळागोंधळ, गप्प कशाला बसता, हाच प्रश्न १९८८ मध्ये तोकी आणि यामाझाकी यांनी सोडवायला घेतला होता.

बोरचं सूत्र लावलं तर शिशात त्या कक्षेची त्रिज्या अडीच फेम्टोमीटरच्याही आत येते, आणि शिशाचं केंद्र सुमारे सात फेम्टोमीटर. पायॉन केंद्राच्या आतच! तिथे तो क्षणभर टिकणार नाही असं वाटणं साहजिक आहे. पण कमी ऊर्जेच्या ऋण पायॉनला केंद्रातलं प्रबल बल एकंदरीत बाहेर ढकलतं आणि विद्युत बल आत ओढतं. दोन्हींच्या ओढाताणीत तो पृष्ठभागावर लटकतो. शोषणाला दोन न्यूक्लिऑन लागतात, म्हणून त्याचा दर घनतेच्या वर्गाच्या प्रमाणात जातो, आणि पृष्ठभागावर घनता कमी. त्यामुळे पातळी पुरेशी काटेकोर राहते, नुसती पसरट धूसर रेघ होत नाही.

वरून उतरत तिथे पोचता येत नाही हे तुमचं बरोबर. म्हणून त्यांनी वाट उलटी धरायला सांगितली: अभिक्रियेतून पायॉन थेट त्या कक्षेतच जन्माला घालायचा. १९९६ मध्ये जर्मनीतल्या जीएसआयमध्ये शिसे-२०८ वर ड्यूटेरॉन मारून, बाहेर पडणाऱ्या हेलियम-३ ची ऊर्जा बारकाईने मोजून या खोल कक्षा दिसल्या. पुढे जपानच्या रिकेनमध्ये कथिलाच्या समस्थानिकांवर हेच काम झालं, आता हेतू वेगळा: केंद्राच्या आत कायरल सममिती (क्वार्कांच्या डाव्या-उजव्या रूपांमधली सममिती) कितपत पूर्ववत होते ते तपासायचं. त्यावर लिहायचं तर दुसरा धागा काढावा लागेल. उन्हाळी ढग, मनावर घेताय का?

उन्हाळी ढग

घेतो, पण आयसोस्पिनवरची हरकत आधीच नोंदवून ठेवायची, सावळागोंधळ.